पाळकसाहेब उसात गेले तो नाताळ

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून निघालेल्या बहुतेक गाड्या कोकणाकडे वळतात. मी उलट पूर्वेला निघाले, कारण उन्हाळ्यात एका जोडप्याला शब्द दिला होता.

मे महिन्यात धारूरचा किल्ला बघून परतताना घाटमाथ्यावरच्या एका गावापाशी माझी गाडी तापून बंद पडली. समोर पत्र्याच्या छपराचं लहानसं चर्च होतं आणि त्याला लागून दोन खोल्या. तिथून पाळक शमुवेल आणि त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बाहेर आले. मेकॅनिक येईपर्यंत त्यांनी मला सावलीत बसवलं, पिठलं-भाकरी वाढली. निघताना मी पैशांचं काढलं, तर सुशीलाबाई म्हणाल्या, पैसे नकोत, नाताळला या. आमच्या चर्चच्या मंडळीत म्हातारी माणसं फार, नवं तोंड दिसलं की त्यांना बरं वाटतं. मी येते म्हणाले. अशा 'येते'चं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. या वेळी मात्र मी खरंच गेले.

रस्ता आधी सांगते. पहाटे निघालात तर अहिल्यानगर, जामखेड, पाटोदा करत जेवणाच्या वेळेला मांजरसुंब्याला पोचता. काही तुकडे सुरेख आहेत, काही ठिकाणी मणक्यांची परीक्षा होते. मांजरसुंब्याला मोठा हायवे आडवा येतो आणि ढाब्यांची रांग लागते. शेवभाजी, बाजरीची भाकरी, ठेचा आणि ताक दीडशेच्या आत होतं. ढाब्यावरच्या पोराने कुठे निघालात विचारलं. नाताळसाठी धारूरकडे, म्हटल्यावर तो गल्ल्यावरच्या माणसाकडे वळून म्हणाला, "धारूरकडं नाताळ असतो का?"

"असतो बे," गल्ल्यावरचा म्हणाला. "तुला बोलवत न्हाईत म्हणून काय असत न्हाई का?"

पेट्रोल आणि एटीएमची कामं केजमध्येच उरकून घ्या. राहायला बरी लॉजही तिथेच मिळतील. केज सोडलं की रस्ता बालाघाटात चढू लागतो. सीताफळांचा हंगाम सरलेला असतो, झाडं वाळक्या पानांनी उभी. एका गोष्टीची तयारी ठेवा: या दिवसांत इथली गावं निम्मी रिकामी असतात. दारांना कुलपं आणि ओट्यांवर म्हातारी माणसं. बाकीची सगळी ऊसतोडीला गेलेली.

चर्चवर कागदी चांदणी टांगलेली होती, पण दाराला कुलूप होतं. किल्ली सांभाळणाऱ्या आत्याबाई शेजारच्या ओट्यावर करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, सगळ्या मंडळीच्या आत्या. प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत मंडळीने मिळून खायची, बिनखमिराची भाकर त्याच तव्यावर भाजतात आणि द्राक्षरसासाठी मनुकाही त्याच उकळतात, हे मला उन्हाळ्यातच कळलं होतं. मी पाळकसाहेबांचं विचारताच त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"न्हाई इथं. उसात गेलाय."

मला वाटलं, कुणाला तरी भेटायला गेले असतील. तसं नव्हतं. ते ऊस तोडायला गेले होते.

चर्चच्या मागच्या घरात बाळू आणि मंगल राहतात. दोघं दरवर्षी तोडीला जातात. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो: तो तोडतो, ती मोळ्या बांधून गाडीपर्यंत वाहते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, त्यामुळे हंगाम चुकवता येत नाही. गेल्या हंगामात मंगलचं बाळ पोटातच, ती उसाच्या फडात असताना गेलं. यंदा तिला पुन्हा दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी खाटेवरून उतरायचं नाही असं बजावलं होतं. टोळी निघायच्या दिवशी त्या दोघांच्या जागी शमुवेल आणि सुशीलाबाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून बसले. बाळूचं घर हिंदू, मंडळीत नाही. आणि पाळकसाहेबांनी जाण्याआधी मंडळीला विचारलं नव्हतं. आत्याबाईंना तेच लागलं होतं.

"हरवलेल्या एका मेंढरामागं मेंढपाळ गेला, हे आमीबी बायबलात वाचलंय," त्या म्हणाल्या. "पर ते एक मेंढरू त्याच्याच कळपातलं होतं ना?"

रविवारची उपासना पेटी वाजवणारे दाविदमामा कशीबशी चालवत होते. पण प्रभुभोजन पाळकानेच द्यायचं असतं, आणि नाताळला ते चुकणं या म्हाताऱ्या माणसांना सोसण्यासारखं नव्हतं. मुकादमाने सुट्टी नाकारली नव्हती. मात्र खाडा लागेल म्हणाला होता, म्हणजे दिवस बुडाल्याचा दंड, आणि तो बाळूच्या नावावर. बाळू फोनवर म्हणाला, लागू द्या. पाळकसाहेब तयार झाले नाहीत. दिलेल्यातलं थोडं परत मागून घ्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य आत्याबाईंनी मला त्यांच्या आवाजात, मान डोलवून म्हणून दाखवलं. वर हेही सांगितलं, की असल्या माणसाच्या हातची भाकर त्या आता खाणार नाहीत आणि त्याच्यासाठी भाजणारही नाहीत.

संध्याकाळी मी मंगलला भेटायला गेले. पंचविशीची मुलगी, खाटेवर पडून आढ्याकडे बघत होती. बाळू माझ्याशी नीट बोलेना, सारखा दाराशी जाऊन उभा राहायचा. माझ्यामुळे सगळ्यांचा सण नासला, एवढंच म्हणाला. मी विचारलं, स्वयंपाकाचं कसं करता? मंगल हसली.

"आत्याबाई दोन्ही टायमाला डबा आणत्यात. खाऊ घालत्यात आन् वर पाळकसाहेबांना शिव्या देत्यात. न्हाई खाल्लं तर मलाबी देत्यात."

त्या संध्याकाळी चर्चमध्ये दाविदमामांच्या पेटीवर गाणी झाली. आवाज थकलेले, पण सूर कुणी सोडत नव्हतं. आत्याबाई सगळ्यात मागे बसून सगळ्यात मोठ्याने गात होत्या. मी मुक्काम त्यांच्याकडेच केला.

नाताळच्या सकाळी जाग आली ती तव्यावर काहीतरी भाजल्याच्या वासाने. आत्याबाई नवं पांढरं लुगडं नेसून चुलीपुढे बसल्या होत्या. भाकर पांढऱ्या फडक्यात बांधून झाली होती, मनुकांचा रस बाटलीत भरून झाला होता. त्यांनी मला चहा दिला आणि गाडीत किती माणसं बसतात ते विचारलं. मी सोडून चार, मी म्हणाले.

"मग चल. तोंडावर बोलायचंय मला त्याला. फोनवर राग नीट कळत न्हाई."

दाविदमामा पेटी घेऊन मागे बसले, शेजारी त्यांच्या पत्नी. आत्याबाई पुढे. तेवढ्यात बाळू आला. फड कुठे आहे ते त्यालाच माहीत होतं, आणि त्याच्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. "कोयता माज्या नावावर हाय," तो म्हणाला. "तुमचं होईस्तवर मी तोडतो. मग खाडा कसला लागतोय?" सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस हे कुणाला सुचलं नव्हतं. पण बोलता बोलता तोच थांबला आणि घराकडे बघू लागला. मंगलजवळ कोण थांबणार?

दाविदमामांच्या पत्नी उतरायला लागल्या. आत्याबाईंनी त्यांचा हात धरला. "तुला ऐकू येत न्हाई. तिनं हाक मारली तर काय करशील?" मग थोडा वेळ त्या समोरच्या काचेतून बघत बसल्या. पायाशी ठेवलेलं फडकं, बाटली आणि करंज्यांचा डबा त्यांनी माझ्याकडे दिला, लुगडं सावरलं आणि गाडीतून उतरल्या.

"बस बाळू," त्या म्हणाल्या. मग खिडकीत वाकून मला म्हणाल्या, "त्याला सांग, भाकर मी केलीय. पर राग गेलेला न्हाई."

धारूरचा घाट सावकाश उतरा. वळणं अरुंद आहेत आणि समोरून ट्रक येतात. खाली तेलगाव लागतं, तिथून परळीच्या रस्त्याला लागलं की कालव्याचं पाणी आणि नुसता ऊस. ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या भरभरून चाललेल्या असतात, ओव्हरटेक करायची घाई करू नका. अंधारात तर हा रस्ता टाळाच, ट्रॉल्यांना मागचा दिवा असेलच असं नाही. सिरसाळ्याच्या अलीकडे बाळूने कच्च्या रस्त्याला वळायला सांगितलं.

फडाच्या कडेला ताडपत्रीच्या कोप्यांची, म्हणजे तोडणाऱ्यांच्या झोपड्यांची, रांग होती आणि त्यातल्या एकीवर चॉकलेटच्या चंदेरी कागदाची चांदणी बांधलेली. पाळकसाहेबांना मी आधी ओळखलंच नाही. उन्हाळ्यात पाहिलेला गोल चेहरा उतरला होता, दाढी वाढली होती, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. आम्हाला बघून ते कोयता हातात घेऊन तसेच उभे राहिले. बाळू सरळ पुढे गेला, त्यांच्या हातातला कोयता काढून घेतला आणि वाकून तोडायला लागला. मुकादम आला, बघत उभा राहिला. त्याला बाळूने मान वर न करताच सांगितलं, की कोयता ज्याच्या नावावर त्याने तोडला तर हरकत काय. मुकादमाने थोडा विचार केला आणि तो चहा सांगायला गेला. शेजारच्या कोयत्यातली बाई आपणहून बाळूच्या मोळ्या बांधायला आली.

मी आत्याबाईंचा निरोप जसाच्या तसा दिला. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुशीलाबाई हसायला लागल्या. "राग हाय ना? मग बरंय. रागात असल्या की करंजीत सारण जास्त भरत्यात."

हात धुवायला त्यांना वेळ लागला, चिकटा आणि काळेपणा काही केल्या निघेना. कोपीपुढे पोतं अंथरलं, पेटी लोखंडी ट्रंकेवर ठेवली. टोळीतली माणसं जरा लांब उकिडवी बसून ऐकत होती. पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही. "उपदेशाला पाठ सरळ लागती," म्हणाले, आणि मंगलचं नाव न घेता तिच्या पोटातल्या बाळासाठी प्रार्थना केली. भाकर मोडायची वेळ आली तेव्हा त्यांची बोटं मिटेनात. त्यांनी भाकर सुशीलाबाईंपुढे धरली आणि ती त्यांनी मोडली. दाविदमामा आणि त्यांच्या पत्नीला मिळाली, दोघांनी घेतली. एक तुकडा पाळकसाहेबांनी फडक्यात बांधून दाविदमामांकडे दिला, आत्याबाईंसाठी. मी आणि टोळी मंडळीतले नव्हतो, आम्हाला करंज्या मिळाल्या. सारण खरंच भरपूर होतं.

चहा पिताना मी सुशीलाबाईंना विचारलं, पाळकसाहेबांनी हे ठरवलं कसं?

"त्यांनी कुठं? मीच म्हणले," त्या म्हणाल्या. "मागल्या साली मंगलचं लेकरू गेलं, तवा आमी प्रार्थना केलती. औंदा मला नुसती प्रार्थना करवंना."

मग त्या उठल्या. ट्रॉली भरायची होती.

परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. आत्याबाई मंगलच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत होत्या. दाविदमामांनी फडकं पुढे केलं. आत्याबाईंनी ते घेतलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "हात कसे हायेत त्याचे?"

मी खरं ते सांगितलं. चिंध्यांचं, न मिटणाऱ्या बोटांचं, भाकर सुशीलाबाईंनी मोडल्याचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. उठून हात धुतले, डोक्यावर पदर घेतला, फडकं सोडलं आणि तो तुकडा डोळे मिटून खाल्ला. मग फडक्याची घडी घातली.

"कडक झालती जरा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला दुपारपर्यंत पुणं गाठायचं होतं, एक लेख द्यायचा होता. निघताना आत्याबाईंनी एक लहान बाटली हातात दिली. खोबरेलात हळद गरम करून घातली होती. "जाताना दे त्याला." मी सांगितलं, की पुणं इकडे आणि फड तिकडे. त्यांनी शांतपणे विचारलं, "गाडीला चाकं हायेत ना?" तर मी घाट पुन्हा उतरले. बाटली सुशीलाबाईंनी घेतली, वास घेतला आणि कुणी दिली ते विचारलं नाही. लेख दुसऱ्या दिवशी गेला. संपादक बोलले, त्यांचं बरोबरच होतं.

घरी आल्यावर गाडी धुतली तेव्हा मागच्या सीटखाली उसाचं पाचट निघालं. सहलीचा खर्च मी अशा लेखांत नेहमी शेवटी देते. या वेळी पेट्रोल, ढाबा आणि टोल सोडून लिहिण्यासारखं काही नाही, कारण गावात कुणी काही घेतलंच नाही. किल्ला या खेपेला बघायचा राहिला. तुम्ही गेलात तर जरूर बघा. मला मात्र आठवतं ते आत्याबाईंचं गाडीतून उतरणं. प्रभुभोजनाची इतक्या दिवसांची भूक आणि इतक्या दिवसांचा राग, दोन्ही मांडीवर घेऊन निघालेली ती बाई, एका हाकेच्या शक्यतेसाठी खाली उतरली. पाळकसाहेबांनी केलं तेच तिने केलं, आणि तेही मंडळीला न विचारता. हे मी तिथे म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मलाही शिव्या मिळाल्या असत्या.

परवा बाळूचा फोन आला. मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. टोळी अजून परतायची आहे. मी विचारलं, आत्याबाईंचा राग गेला का?

"बराच गेलाय," बाळू म्हणाला. "थोडा ठिवलाय. पाळकसाहेब आल्यावर तोंडावर बोलायला लागंल म्हणत्यात."