दुसऱ्या खाटेवर मांडलेला डाव

आमच्या शेजारच्या खंडूचं बाहेर काहीतरी चालू आहे, ही बातमी सणसवाडीतल्या आमच्या खोल्यांच्या ओळीत मीच पसरवली. नाकारत नाही. पण तुम्हीच सांगा, बत्तीस वर्षांचा बिनलग्नाचा माणूस दर सुट्टीला मोबाईलवर आलेला फोटो बघतो, खाटेशेजारी फतकल मारून बसतो, मधेच स्वतःशी हसतो आणि जेवायचं विसरतो, तर शेजारणीनं काय समजायचं? त्याची आई म्हाळसाबाई कासुर्डीहून भाकरी घेऊन आली, तेव्हा तिच्याही कानावर मी घातलं. बिचारी रागावली नाही, उलट मुलगी कुठली म्हणून हळूच विचारून गेली.

पुढं एकदा साखर मागायच्या निमित्तानं मी तो फोटो बघितलाच. मुलगी कसली, वहीच्या पानावर पेनानं काढलेले चौकोन! आणि खाटेवर तशीच मांडामांड केलेले पत्ते.

पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत. चकचकीत, एकेकावर एकेक जनावर. पंखांचा बैल, आगीचं कासव, तीन तोंडांचा कोल्हा. कोपऱ्यात त्याच्या ताकदीचा आकडा. दोघं समोरासमोर बसतात, आपापली जनावरं मांडतात आणि एकमेकांच्या अंगावर सोडतात. प्रत्येकाला वीस जीव. ज्याचे आधी संपले तो हरला. एवढं मला समजलं, आणि एवढ्यावर मी ओळीतली जाणकार ठरले.

खंडूला हे वेड लावलं बिरंचीनं. ओडिशाचा पोरगेला माणूस, खंडूच्याच कारखान्यात, त्याच्याच लायनीवर खोकी भरायला होता आणि त्याच्याच खोलीत दुसऱ्या खाटेवर राहायचा. चार वर्षं. येताना पत्र्याची पेटी आणली होती, तिच्यात कपडे चार आणि पत्ते चारशे. एकाला भात लागायचा, एकाला भाकरी, आणि दोघंही दुसऱ्याच्या ताटाला नावं ठेवत दोन्ही खायचे. भांडले की माझ्याकडे न्यायाला यायचे. मी दोघांनाही भरीला घालायचे, करमणूक तरी काय दुसरी आम्हाला.

खंडूचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. वडिलांनी मेंढरं विकून कासुर्डीत शेती धरली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, पण तोवर शंभर-सव्वाशे मेंढरं तो तोंडावरून ओळखायचा. त्यामुळं पत्ते त्याला आठवड्यात पाठ झाले. तरी हरायचा. कारण आपलं जनावर मरू द्यायचा नाही. त्यांच्या घरात कळपापुढं चालणारा एक घंटेचा मेंढा असायचा, तो कधी विकायचा नाही, कापायचा नाही. म्हातारा होऊन आपोआप जाईल तेव्हा जाईल. खंडूनं पत्त्यांनाही तोच नियम लावला. सगळ्यात मोठं जनावर मागं झाकून ठेवायचा आणि मार खायचा.

एकदा दोघं पुण्याला एका दुकानातल्या स्पर्धेला गेले. कॉलेजातल्या पोरांनी पहिल्याच फेरीत दोघांना बाहेर काढलं. परतीच्या एसटीत बिरंचीनं ठरवलं, की अख्खे डाव खेळून अक्कल येत नाही. जिथं अडतं तेवढीच जागा मांडायची आणि सुटेपर्यंत उठायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत पालथ्या क्रेटवर कोडं मांडलेलं असायचं. ही तुझी जनावरं, ही समोरच्याची, त्याचे एवढे जीव उरलेत, ह्याच खेपेला जिंकून दाखव. वर्षभरात खंडू पुण्याच्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीपर्यंत गेला. फक्त ज्या कोड्यात आपलं जनावर घालवावं लागतं, तिथं तो ठार अडायचा. बिरंची कपाळावर हात मारायचा.

“भाई, तू पत्ते खेलता है कि चराता है?”

मग कंत्राट संपलं आणि लायनीवरची निम्मी माणसं घरी गेली, त्यांत बिरंचीही. होळीनंतर येतो म्हणाला. पेटी खाटेवर ठेवून गेला, म्हणजे येणारच असं खंडूनं धरलं. तिकडून तो वहीत चौकोन काढून कोडी पाठवायचा, इकडं खंडू त्याच्याच खाटेवर ती मांडायचा. घरमालक सर्जेराव दोनदा सांगून गेले, की एक माणूस खोली शोधतोय, खाट रिकामी आहे. खंडू म्हणायचा, रिकामी कुठंय, डाव मांडलाय.

होळी झाली. पाडवा झाला. वैशाखात एक कोडं आलं आणि त्याखाली ओळ होती, हे सोडव, मग कधी येतो ते सांगतो. तीन आठवडे ते कोडं खाटेवर तसंच. पंखा लावला की पत्ते उडतात म्हणून हा गडी ऐन उन्हाळ्यात पंखा बंद करून बसायचा.

मला राहवेना. एका सुट्टीला भर दुपारी पदरानं वारा घेत मी त्याच्यापुढं बसले आणि सगळं समजावून घेतलं. समोरच्याचे सहा जीव उरलेले, पण पुढं तीन राखणदार. खंडूकडे सहा ताकदीचा बैल आणि दोन-दोनचे दोन कोल्हे. तिघांना सोडलं तर तिघांनाही राखणदार अडवणार. हातात एकच पत्ता, त्यावर लिहिलेलं, की आपलं एक जनावर कायमचं सोडून द्या, त्याची ताकद समोरच्याच्या जिवातून थेट वजा होईल.

माझं माहेर भांडगावचं, झेंडूवालं. रोप हातभर झालं की चांगला जोमदार शेंडा आम्ही न कळवळता खुडतो, त्याशिवाय बाजूनं फुटवा येत नाही. मी म्हणाले, “आवं खंडूभाऊ, त्यो बैल द्या की सोडून. सहातनं सहा गेलं. एवढ्यासाठी घामानं भिजताय व्हय?”

वाटलं, आता तो घंटेच्या मेंढ्याची गोष्ट सांगणार. मी हसायच्या तयारीत होते.

“पहिल्याच दिवशी दिसलं, वैनी,” तो पत्त्यांकडे बघतच म्हणाला.

“मग धाडलं का न्हाई?”

“धाडलं की तो सांगणार.”

“येतो म्हणूनच सांगंल की.”

“यायचं असतं तर कोडं घातलं नसतं. तिकिटाचाच फोटो टाकला असता.”

  निमित्ताला नेलेली साखरेची वाटी रिकामीच घेऊन मी घरी आले.

दोन दिवसांनी सर्जेरावांनी निर्वाणीचं सांगितलं, की माणूस सोमवारी पेटीबिछान्यासकट येतोय. खंडूनं रविवारी बैलाचा पत्ता उचलला, बाजूला पालथा ठेवला आणि फोटो पाठवून दिला. मी त्याच्या दारातच गहू निवडत होते. गहू निवडलेलेच होते.

लगेच फोन वाजला, खंडूनं स्पीकरवर घेतला. बिरंची आधी मोठ्यानं हसला. “बैल दे दिया? भाई, तूने बैल दे दिया?” मग त्याचं हसणं थांबलं. घराजवळच्या भाताच्या गिरणीत काम मिळालंय, आई अंथरुणाला आहे, आता निघणं व्हायचं नाही, पत्ते तूच ठेव, असं काय काय तो बोलला. खंडू नुसता “बरं” म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा “बरं.” चार वर्षं त्याच्याशी हिंदीत बोललेला माणूस, त्याला नेमकी तेव्हा हिंदी आठवली नाही.

संध्याकाळी त्यानं एकेक पत्ता फडक्यानं पुसून पेटीत भरला आणि पेटी स्वतःच्या खाटेखाली सरकवली. सोमवारी नवा माणूस आला. चांगला आहे, पण घोरतो. भिंतीपलीकडून मला ऐकू येतं.

आता खंडूचा डाव माझ्या उंबऱ्याशी मांडलेला असतो. गेल्या महिन्यात त्यानं पहिल्यांदा स्वतः कोडं रचलं, माझ्याच कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं चौकोन काढून बिरंचीला पाठवलं. ह्याच खेपेला जिंकून दाखव. मी सगळी डोकेफोड केली, बैल सोडला, कोल्हे सोडले, शेवटी चिडून उत्तर विचारलं.

“न्हाईच सुटत ते,” खंडू म्हणाला.

तिकडं बिरंचीला हे ठाऊक नाही. गिरणीतून सुटला की रोज त्याचा फोन येतो, एक हिंट दे ना भाई. खंडू म्हणतो, और देख. मग दोघं अर्धा तास बोलत बसतात, भाताबद्दल, आईबद्दल, नव्या माणसाच्या घोरण्याबद्दल. फोन ठेवला की खंडू माझ्याकडे बघतो आणि मी गव्हाकडे बघते.

ओळीत ही एकच गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. इथं लिहिली, कारण बिरंचीला मराठी वाचता येत नाही.