बाबांची तोफ आणि माझं हळीव

धाकट्या बहिणीने बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला काचेच्या पेटीत बसवलेली लढाई आणली, आणि त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

लढाई म्हणजे तिच्या भाषेत डायोरामा. ताटाएवढ्या फळीवर चिखलाचा नदीकाठ, वाळूच्या पोत्यांचा आडोसा, त्यामागे तोफ आणि तोफेभोवती बोटाच्या पेराएवढे जवान. एकजण गोळा उचलतोय, एकाने कानांवर हात ठेवलेत, एकजण दुर्बिणीतून पलीकडचा काठ न्याहाळतोय. त्याच्या बुटाच्या नाड्यासुद्धा दिसत होत्या. बहीण दातांची डॉक्टर आहे, सिविल लाइन्समध्ये तिचा दवाखाना आहे. कीड कोरायची बारीक हत्यारं, दातांचे साचे घ्यायचं प्लास्टर, डोळ्यांवर चढवायची भिंगं, सगळं तिच्या हाताशी. पेशंट नसला की ती जवान रंगवत बसते. असली हत्यारं असती तर मीही नाड्या काढल्या असत्या, असं मी त्या दिवशी मनाला बजावलं. मनाला ते फारसं पटलं नाही.

बाबांनी उभी नोकरी इथल्या तोफांच्या कारखान्यात काढली. त्यांच्या हाताखालून गेलेली तोफ ताडपत्री पांघरून रेल्वेच्या वाघिणीवर चढायची, आणि पुढे तिचं काय झालं हे त्यांना कधीच कळलं नाही. धाकटीने नेमकी तीच तोफ लढाईवर नेऊन दाखवली. बाबांनी काचेला नाक टेकवून एकेक जवान पाहिला. मग हॉलमधल्या शोकेसकडे बोट दाखवून म्हणाले, "हे तिथे ठेवा, मधोमध." मधोमध माझं सन्मानचिन्ह होतं, भूगोलाची बाई म्हणून निवृत्त होताना शाळेने दिलेलं. ते माळ्यावर गेलं.

पुढे जो घरात येईल त्याला बाबा आधी शोकेसपाशी नेऊ लागले. शेजारचे म्हणायचे, "अंकलजी, बिटिया के हाथ में तो जादू है!" बाबा मान डोलवायचे. मी पण त्याच घरातली बिटिया आहे, चष्मा लावून तिथेच उभी आहे, पण हे कोणाला सांगणार? बाबांच्या डोळ्यांत थेंब घालते मी, गुडघ्याला तेल लावते मी, पायाची नखं कापते मी. ती रविवारी येते आणि खव्याची जलेबी आणते. त्यांच्या साखरेचा हिशेब मला ठेवायचा असतो, म्हणून अर्धी जलेबी हातातून काढून घेणारी दुष्ट बाईही मीच. ती गेली की बाबा म्हणतात, "पोरगी किती करते माझ्यासाठी." अशा वेळी मी भांडी जरा जोरात ठेवते.

शेवटी मी ठरवलं, आपणही लढाई करायची. मातीकाम मला नवं नव्हतं. लहानपणी क्वार्टरच्या अंगणात दिवाळीचा किल्ला व्हायचा तेव्हा चिखल मी कालवायची. ही धाकटी फक्त शेवटी मावळे मांडायची आणि फोटोत पुढे बसायची. बडा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन मी प्लास्टिकच्या सैनिकांचं पाकीट आणलं, अस्तर-बटणांच्या दुकानातून कोटाची मोठी बटणं घेतली. मोठ्या परातीत माती थापून नदी काढली, काडेपेटीच्या काड्यांचा पूल बांधला. पेनच्या नळीची तोफ केली आणि तिला बटणांची चाकं लावली. सैनिक काही हिरवे, काही तपकिरी निघाले होते, ते सगळे एका रंगात रंगवले. काठावर गवत हवं होतं. धाकटीने परदेशी पाकिटातलं तयार गवत डकवलं होतं. मी दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतात तसं हळीव पेरलं, कारण मला गवत म्हटलं की हळीवच सुचतं. किल्ल्यावर ते शोभतं. तिथे डोंगर कमरेएवढा असतो.

हळीव फोफावलं. जवानांचे आधी गुडघे गेले, मग कंबर गेली, आणि एका सकाळी पाहते तर नुसती बंदुकांची टोकं वर. ती परात लपवावी म्हणून उचलायला गेले, तर बाबा व्हरांड्यात येऊन बसलेलेच होते.

"काहून गं, हे काय करून ठेवलं?"

"नदीकाठ आहे बाबा. तोफ आहे, जवान आहेत."

"कुठे आहेत जवान?" त्यांनी दोन बोटांनी हळीव बाजूला केलं. "अच्छा, हे बसले का इथे! कुंडमच्या जंगलात वाट चुकले वाटते सगळे. आणि ही चाकं? बटणं आहेत ना ही? तोफ झाडली की मागे सरकते, बाई. बटणावर कशी सरकेल? चार भोकं दिसून राहिली मला."

मला वाटलं, आता म्हणतील, धाकटीचं बघ. ते तेवढं म्हणाले नाहीत. मिशीची कात्री मागितली आणि गवत कापायला बसले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाढलं होतं, बाबा पुन्हा बसले. मग रोजचंच झालं. चहा झाला की परात पुढे ओढायची, कात्री चालवायची आणि माझा उद्धार करायचा. पूल चुकीच्या जागी आहे. नदीला उतार नाही, भूगोल कशी शिकवायची तू? या जवानाचं तोंड शत्रूकडे कर, तो आपल्याच माणसावर नेम धरून राहिला. मी चाकं तीनदा बदलली, पण दर वेळी बटणंच. बहिणीच्या पेटीत त्यांना एक चूक सापडत नव्हती आणि माझ्या परातीत एक गोष्ट धड सापडत नव्हती. शोकेससमोरून जाताना मी त्या पेटीकडे बघायचंसुद्धा सोडून दिलं.

रविवारी धाकटी आली. बाबांचं गवत कापणं चालू होतं. मांडीवर हळिवाची बारीक पानं पडली होती, आणि मी चाक धरून त्यांची बोलणी खात होते. ती जलेबीचा पुडा हातात घेऊन दारातच उभी राहिली. नेहमीसारखी "बाबा, बघा काय आणलं" म्हणाली नाही.

मग म्हणाली, "बाबा, माझ्या तोफेत काही चुकलं असेल ना? सांगा ना."

"तुझ्यात काहून चुकेल? फस्टक्लास आहे."

"नाही, काहीतरी असेल. चाक, नळी, काही पण."

"अगं, एकदम छान आहे. सगळ्यांना दाखवतो ना मी."

ती खाली बसली. "ताई, तुझ्यावर रोज ओरडतात का गं असे?"

"रोज," मी म्हटलं.

"माझ्यावर एकदाही नाही ओरडले. दिली तेव्हापासून पेटीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. पाहुणी असल्यासारखं नुसतं छान छान करून राहिले." आणि एवढी मोठी दातांची डॉक्टर, पण तिचे डोळे भरून आले.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका आनंद मला सन्मानचिन्ह मिळालं तेव्हाही झाला नव्हता. माझी चार भोकांची चाकं, माझी उताराशिवायची नदी, तोंडं चुकलेले माझे जवान, हे सगळं माझं आणि बाबांचं होतं, आणि ती समोर बसून ते बघत होती. तिने आता थोडा वेळ तरी असंच बघत राहावं, असं मला वाटलं.

पण बाबांनी कात्री खाली ठेवली. खिशातला रुमाल काढून तिचे डोळे पुसले, डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "रडू नको, बेटा." मला आठवतंय तेव्हापासून त्यांनी मला बेटा म्हटलेलं नाही. मी रडले असते तर म्हणाले असते, आधी ते चाक लाव.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघत काय राहिली? तिला पाणी आण."

मी उठले आणि जाताना परात उचलून बरोबर आत घेऊन गेले.