पुढचे दोन दात कमी

खोटं बोलत असेन तर माझे दात पडोत. घ्या शब्द. आता खरं सांगायचं तर वरचे समोरचे दोन मुळात माझे नाहीत, डॉक्टरांनी बसवलेले आहेत. त्यामुळे त्या दोघांना या शपथेतून वगळा. बाकीच्यांची हमी.

गाडी खोलून परत जोडली की डब्यात चार नट उरतातच. कुठले ते कळत नाही, गाडी तर चालू होते. किस्स्यांचंही तसंच. नव्वदच्या दशकात बेलापूरला आमच्या सोसायटीत, पार्किंग नंबर सातमध्ये, मी एकच गाडी सारखी खोलत आणि जोडत होतो. गाडी कधीच गेली, डबा भरलेला राहिला.

गाडी म्हणजे एका दूधवाल्याने वापरून सोडलेली शंभर सीसीची टू-स्ट्रोक. किटल्या अडकवायचे हूकसुद्धा तसेच होते. रद्दीच्या दुकानात एका परदेशी मासिकात डोंगर चढणाऱ्या मोटारसायकलचा फोटो दिसला. तो ऑफिसच्या फायलीत घालून घरी आणला आणि बायकोला, सुनंदाला, म्हटलं, "आपली अशी करणार."

तिने फोटो नीट बघितला. "करा. पण आधी मोरीतल्या नळाचा वायसर बदला."

माझा पार्टनर म्हात्रे. जासईचा, तिथेच कंटेनर यार्डात वेल्डर. लोखंड बघितलं की त्याचे हात शिवशिवायचे. आणि विरोधी पक्ष म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी पेंडसे. बँकेतून रिटायर झालेले, शर्टाला कायम इस्त्री, खिशाला दोन पेनं. त्यांनी जनरल बॉडीत ठराव मांडला : "सात नंबरमधली वस्तू वाहन आहे की भंगार, हे एकदा ठरावं."

ठरलं. टेकडीमागे एक बंद पडलेली दगडाची खदान होती. तिचा ट्रकचा रस्ता उभा आणि सगळा सुट्या खडीचा. दसऱ्याच्या सकाळी दोन माणसं बसवून गाडी तो चढ चढली तर सात नंबर माझा. नाही चढली तर त्याच दिवशी भंगारवाला. हातात चार महिने होते.

*

पहिलं काम सायलेन्सर. पाण्यातून जायचं तर तो वर हवा, म्हणून म्हात्रेने तो सीटच्या उंचीला वेल्ड केला. ट्रायलला माझी मांडी भाजली. मधे काहीतरी जाळीचं हवं होतं, हवा खेळेल आणि पाय वाचेल असं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि स्टीलची मोठी किसणी घेऊन आलो. अगदी मापात बसली.

रविवारी सुनंदा दोन किलो गाजरं घेऊन खाली पार्किंगमध्ये आली आणि गाडीशेजारी स्टूल टाकून बसली.

"अहो, ती जरा उभी धरा. हलली की बोटं कापतात."

*

मडगार्ड आम्ही पाण्याच्या निळ्या ड्रमातून कापलं. चिखल अडकू नये म्हणून चाकापासून वीतभर वर. पुढून बघितलं की गाडी चोच उघडून बसलेली दिसायची. दुसऱ्या दिवशी बोर्डावर पेंडशांची नोटीस : "पार्किंगमध्ये शेतीची अवजारे ठेवू नयेत."

म्हात्रेने ती वाचली. त्याच्या घरची जमीन याच नवीन शहरात गेलेली. तो सरळ पेंडशांच्या दारात.

"साहेब, शेती तं गेली आमची. अवजारा तरी ऱ्हाऊ द्या."

नोटीस संध्याकाळपर्यंत निघाली. कोणी काढली ते पेंडशांनी कधी सांगितलं नाही.

*

खाचांचा टायर तेव्हा बाजारात आम्हाला परवडेल असा मिळत नव्हता. म्हात्रेने जुना टायर घेतला, हॅक्सॉचं पातं तापवलं आणि एकेक खाच हाताने कापली. आठवडा लागला. माझ्या बोटांना महिनाभर रबराचा वास होता, आणि सांगतो, अत्तर लावून फिरावं तसा मी ऑफिसात फिरत होतो.

ट्रायल जासईला, भाताच्या चिखलात. गाडी बांधापर्यंत गेली आणि परतही आली. बांधावर बसलेला एक म्हातारा चिखलातला माग बघून म्हात्रेला म्हणाला, "टॅक्टर कोनाचा रं?"

म्हात्रे छाती काढून म्हणाला, "घरचा हाय."

*

मग मागचे शॉकअप बदलले. लांब टाकले, गाडी घोड्याएवढी उंच झाली. चूक एवढीच झाली, की गाडीचं माप घेतलं आणि माझं घ्यायचं राहिलं. मी पाच फूट चार इंच. सीटवर बसलो की दोन्ही पाय हवेत. चढायला सोसायटीच्या गेटचा कट्टा लागायचा, आणि थांबायचं तर फुटपाथ असेल तिथेच.

एकदा बेलापूरला सिग्नल पडला आणि मी रस्त्याच्या मधोमध. फुटपाथ दोन्हीकडे लांब. शेजारी रिक्षा उभी होती, तिच्या टपाचा आधार घेतला आणि पाय हळूच तिच्या पायरीवर ठेवला.

रिक्षावाल्याने पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, एकच पाय येतोय की दोन्ही? मीटर टाकायचा हाय."

*

दसरा आठवड्यावर आला आणि गाडी खदानीच्या चढावर अर्ध्यातच दम टाकत होती. म्हात्रे म्हणाला, विचार करतो आणि फोन करतो. आमच्याकडे फोन नव्हता. सगळ्या मजल्यांचे निरोप पेंडशांकडे यायचे.

संध्याकाळी पेंडसे स्वतः खाली आले. हातात चिठ्ठी, चेहरा काळजीचा.

"शिंदे, तुमच्या डेंटिस्टचा फोन होता."

"माझ्या?"

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "पुढचे दोन दात कमी करा, मागचे चार वाढवा. असं केलं नाही तर चढणार नाही." चिठ्ठी घडी करून माझ्या हातात दिली. "शिंदे, आपला वाद आपल्या जागी. पण तुमचे दात तर छान दिसतात हो. दुसऱ्या डॉक्टरला विचारा. आणि मागे चार कुठे बसवणार?"

मी त्यांना खाली बसवलं आणि दाखवलं. चेन ज्या दोन चक्रांवरून फिरते त्यांचे हे दात. पुढचं चक्र लहान आणि मागचं मोठं केलं की पळ कमी होतो, ओढ वाढते. पेंडशांनी दोन्ही चक्रांचे दात बोटाने मोजले. मग खिशातल्या पेनाने चिठ्ठीवर भागाकार केला.

"म्हणजे मग चढेल," ते म्हणाले, आणि जरा नाराज होऊन वर गेले.

*

दसऱ्याची सकाळ. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकू, पुढच्या चाकाखाली लिंबू. दुसरं माणूस कोण, यावर अडलं. म्हात्रेचं वजन दोन माणसांचं. सुनंदा आधीच माथ्यावर जाऊन उभी राहिली होती. जाताना म्हणाली होती, "तुम्ही वर याल किंवा नुसती गाडी येईल. कोणीतरी लागेल ना घ्यायला."

पेंडसे पुढे झाले. "अट माझी आहे. मीच बसतो."

दगडावर चढून मी बसलो, मागे पेंडसे. पहिला गिअर टाकला. चक्रांनी ओढ घेतली, टायर खडीत रुतला, सुटला, परत रुतला. अर्ध्यावर, नेहमीच्या जागी, गाडी घुटमळली. मागून माझा पट्टा घट्ट आवळला गेला.

"शिंदे, थांबू नका! गाडी मागे आली तर पहिला मी आहे!"

आणि ते पुढे झुकले, माझ्या पाठीला पोट लावून, जसे काही आयुष्यभर हेच करत आले आहेत. गाडीने तो टप्पा गिळला. किसणी खडखडत होती, निळी चोच आभाळात, आणि एका दूधवाल्याची टाकून दिलेली गाडी दोन माणसं घेऊन खदानीच्या माथ्यावर आली. माळेत एक फूल उरलं नव्हतं, नुसता दोरा.

मी ब्रेक दाबला. ऐटीत पाय खाली सोडला.

तिथे फुटपाथ नव्हता.

म्हैस बसते तशी गाडी सावकाश कलली. हँडल फिरलं, तोंडावर आलं, आणि आम्ही दोघे खडीत. धूळ खाली बसली तेव्हा पेंडसे तोंडाला रुमाल लावून उभे होते. वरचे समोरचे दोन दात गायब.

म्हात्रे धापा टाकत वर आला. त्याने गाडी बघितली, रुमाल बघितला आणि शांतपणे म्हणाला, "मी फोनवर सांगलं व्हतं ना. पुढचे दोन कमी केले का चडनार."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली, सही आणि शिक्क्यासह : "पार्किंग क्रमांक सातमधील वाहन हे वाहन आहे." ती मी काढून फ्रेम केली. आजही हॉलमध्ये आहे, येऊन बघा.

आता शपथ घेतलीच आहे, तर यात बनवलेलं काय तेही सांगून टाकतो. एकच गोष्ट. पेंडसे आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि ऊस अजून दाताने सोलून खातात.