उतारावर शुभा पुढे

विद्याधर कर्णिक एकोणतीस वर्षं तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवत होता आणि ब्रेकवरचं प्रकरण हा त्याचा हातखंडा विषय. घर्षण, उष्णता, ओल, वजन हे सगळं तो फळ्यावर असं मांडायचा, की मागच्या बाकावरची पोरंही वही उघडायची. मुलुंडच्या त्याच्या सोसायटीत कुणाच्या गाडीचा ब्रेक कुरकुरला, की पहिली हाक त्यालाच. बारा वर्षं तो दर रविवारी सायकलवाल्यांच्या गटाबरोबर ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर जात होता. गटात सगळे त्याला ‘सर’ म्हणत.

शुभा, त्याची बायको, पन्नाशी उलटल्यावर सायकलवर बसली. शिकवलं त्यानेच. उंचीने दोघं सारखीच, म्हणून त्याने आपली जुनी, बारीक टायरची रोड बाइक सायकल तिला दिली आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मिहिरची, म्हणजे मुलाची, जाडजूड सायकल स्वतः घेतली. पहिले सहा महिने तो तिच्या मागे मागे राहायचा, गिअर कधी टाकायचा ते ओरडून सांगायचा. मग एका रविवारी ती पुढे गेली, आणि त्यानंतर पुढेच राहिली.

चढावर ती पुढे जाते याचं त्याला एवढं वाटलं नसतं. ती चोपन्न किलोची, हा अठ्ठ्याऐंशी; गणित सरळ होतं. पण उतार? उतारावर जड माणूस सहज वेगात यायला हवा. येऊरच्या वळणांवरून शुभा अंग झुकवून अशी खाली सुटायची की बघत राहावं, आणि विद्याधर दोन्ही ब्रेक मुठीत आवळून, भीतीने ओठ घट्ट मिटून यायचा. खाली टपरीवर पोचेपर्यंत शुभाचा चहा अर्धा झालेला असायचा.

तरीही सगळं चाललं असतं. पण जूनमध्ये एकदा गटाची म्होरकी शर्मिष्ठा सगळ्यांसमोर म्हणाली, “शुभाताई, या नवीन मुलींना उतार कसा घ्यायचा ते तुम्ही शिकवा ना.”

विद्याधर शेजारीच उभा होता. पाण्याची बाटली तोंडाला लावून तो उगाचच पीत राहिला.

त्या दिवसापासून त्याच्या वागण्यात बारीक बारीक फरक पडला. शनिवारी संध्याकाळी तो दोन्ही सायकलींत हवा भरायचा; आता फक्त आपल्या सायकलीत भरू लागला. गटाच्या व्हॉट्सॲपवर शुभाचा फोटो आला की सगळ्यांचे अंगठे तो मोजायचा, स्वतःचा मात्र द्यायचा नाही. शुभा नोकरी करायची त्या लॅबमधली मैत्रीण फोनवर तिचं कौतुक करू लागली, की टीव्हीचा आवाज वाढायचा. आपल्याला नेमकं काय होतंय हे त्याला कळत होतं. या वयात, आणि तेही बायकोबद्दल! त्याची त्यालाच लाज वाटायची. लाज वाटली की राग यायचा, आणि तोही तिचाच.

‘सायकल जुनाट आहे, म्हणून मागे पडतो,’ असं त्याने ठरवून टाकलं, आणि नवीन घ्यायला दोघं घाटकोपरला निमेशच्या दुकानात गेली. निमेश गटातल्या सगळ्यांच्या सायकली बघायचा.

“सर, डोळे झाकून डिस्क ब्रेकवाली घ्या,” निमेश म्हणाला. “तुमचं वजन, येऊरचा उतार, त्यात आपला पावसाळा. चाकाच्या कडेला पाणी असलं, की रिम ब्रेकचं रबर आधी ते पुसत बसतं, मग पकडतं. डिस्कची तबकडी मध्यावर असते, तिला तेवढा त्रास नाही. रिमवाली हलकी, साधी, कुठलाही मेकॅनिक नीट करून देईल, ते खरंय. पण तुम्हाला डिस्कच.”

हेच विद्याधर दरवर्षी वर्गात सांगायचा. त्याने मान डोलावली. ठरल्यातच जमा होतं.

तेवढ्यात निमेश शुभाकडे वळला. “मॅडम, तुम्ही काय म्हणता? सगळे सांगतात, उताराला मॅडमसारखं कुणी येत नाही.”

“त्याला डिस्कच दे,” शुभा म्हणाली. “उतारभर ब्रेक आवळून असतो रे तो. घरी आल्यावर बोटं चोळत बसतो.”

तिच्या आवाजात काळजीच होती. पण विद्याधरचे कान तापले. बोटांचं तिला माहीत होतं, आणि ते तिने निमेशसमोर सांगितलं!

भिंतीवर एक लाल, हलकी रोड बाइक टांगलेली होती. रिम ब्रेकवाली. “ती काढ,” तो म्हणाला.

“अरे, पण आत्ताच तर...” शुभा म्हणाली.

“तू रिमवर उतरतेस ना? मग मला काय धाड भरलीय?”

“सर, नीट विचार करा,” निमेशने समजावलं. “या फ्रेमला नंतर डिस्क बसवता येत नाही.”

“बसवायचीच नाहीये.”

ऑगस्टमधल्या एका रविवारी, रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप झाली असताना, गट येऊरला चढला. वर सगळे फोटो काढण्यात गुंतलेले बघून विद्याधर एकटाच खाली सुटला. पहिली दोन वळणं झकास गेली. वारा कानांत भरला होता आणि दीड वर्षात पहिल्यांदा शुभा त्याच्या मागे होती. तिने वळणावरून आपली पाठ बघावी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तिसऱ्या वळणावर त्याने ब्रेक दाबले. क्षणभर काहीच झालं नाही. मग एकदम पकडले, मागचं चाक सरकलं आणि तो सायकलीसकट कडेच्या झुडपात गेला.

शुभाच सगळ्यांत आधी पोचली. तो खांदा धरून चिखलात बसला होता.

“हलू नकोस. हाड गेलंय बहुतेक,” ती म्हणाली. “वळणाआधी ब्रेक हलके लावून रिम पुसून नाही घेतलीस?”

“नाही.”

“अरे, तूच शिकवलंस ना मला ते?”

विद्याधर झुडपाकडे बघत म्हणाला, “शुभा, मी जळतो तुझ्यावर.”

ती त्याच्या हेल्मेटचा पट्टा सोडवत होती. “माहितीये. जूनपासून माझ्या चाकांत मीच हवा भरतेय.”

“बोलली नाहीस?”

“काय बोलणार होते? चूक कबूल करायला तुला कधी जमलंय? आणि खरं सांगू, तू मागे राहिलास की मला मजा यायची. त्याचीही लाज वाटायची.”

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे हात झोळीत राहिला. लाल सायकलीला चार ओरखडे सोडले तर काही झालं नव्हतं. विद्याधरनेच निमेशला फोन करून डिस्कवाली सांगितली आणि लाल सायकल शुभाला दिली. ती हलकी, सायकलही हलकी. चढावर ती आधीपेक्षा आणखी पुढे निघणार हे त्याला देताना पुरतं ठाऊक होतं. निमेशने सीट तिच्यासाठी जुळवताना, ‘मॅडम, आता तर कुणालाच सापडणार नाही,’ असं म्हटलं, तेव्हा विद्याधर जूनमधल्यासारखाच उगाच बाटलीतलं पाणी पीत राहिला.

ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा येऊर उतरला. एका बोटाने ब्रेक धरत होते, तळवे मोकळे होते, भीती वाटली नाही. खाली पोचला तेव्हा शुभाचा चहा अर्धा झाला होता.

“तिसऱ्या वळणाला तू आत कधी झुकतेस?” त्याने सायकल टेकवत विचारलं.

शुभाने कप बाकावर ठेवला आणि बोटाने टेबलावर वळण काढून दाखवलं. बाजूला शर्मिष्ठा आणि त्या नवीन मुली ऐकत होत्या. विद्याधरला ते मुळीच आवडलं नाही. तरी तो नीट बघता यावं म्हणून पुढे वाकला.