मंजुळा आजारी नव्हती

मंजुळा आजारी नव्हती. साधी शिंकसुद्धा आली नव्हती तिला. हे आधी सांगून टाकते, कारण ती आजारी आहे असं ठाण्यातल्या अख्ख्या नौपाड्याला मीच सांगितलं होतं. सकाळी साडेसात वाजता, टीव्हीवरून, हसऱ्या चेहऱ्याने.

चौऱ्याण्णव साल. तेव्हा प्रत्येक केबलवाल्याने आपापली वाहिनी काढलेली. आमच्या भागातला केबलवाला म्हणजे उत्तमशेठ. एका इमारतीच्या गॅरेजमध्ये त्याने निळा पडदा लावला, दोन ट्यूबलाइट टांगल्या, एक कॅमेरा आणला आणि झाला त्याचा स्टुडिओ. रोज सकाळी 'उजाडलं' नावाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, तोही थेट. पाणी किती वाजता येणार, कोणाचा वाढदिवस, कोणाची पिशवी रिक्षात राहिली, रक्तदान कुठे. लोक चहाचा कप हातात घेऊन बघायचे. कपापेक्षा जास्त लक्ष मंजुळाकडे असायचं, कारण ती बोलायचीच तशी, समोर बसून बोलल्यासारखी.

मंजुळा खाडीकाठच्या बाळकुमची. वडील दामाजी खाडीत जाळं टाकायचे, ते गेले. आई शेवंती डोक्यावर पाटी घेऊन नौपाड्यात दारोदार मासे विकायची. गणपतीत मंडळाच्या माइकवर मंजुळा हरवलेल्या पोरांची नावं पुकारत होती. उत्तमशेठने तो आवाज ऐकला आणि म्हणाला, उद्यापासून ये. कागद नाही, पत्र नाही. तिने विचारलं तर म्हणे, "पत्रबित्र कशाला? तू घरचीच आहेस." ह्या 'घरची'चा मला आजही संताप येतो. घरचीला ना कागद, ना हक्क. आणि तिला काढायचं असलं, तर काढलं असं म्हणायचीही गरज नाही.

पहाटे चारला ती आईबरोबर मासे निवडायची, पाटी भरून द्यायची, हात लिंबाने घासायची आणि सातला स्टुडिओत हजर. तरी उत्तमशेठ ती यायच्या आधी खोलीत अत्तर शिंपडायचा. एकदा तिने सगळ्यांसमोर विचारलं, "शेठ, कॅमेऱ्याला वास येतो का हो?" शेठ हसला. असली माणसं हसण्यावारी नेतात आणि मनात ठेवतात.

मी उत्तरा गुप्ते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि रविवारी मंजुळाला सुट्टी म्हणून तिच्या जागी बसायचे. पहिल्या दिवशी माझी बोबडी वळलेली. तिने माझी पदराची पिन सरळ केली आणि म्हणाली, "कॅमेऱ्याकडे कॅमेरा म्हणून बघू नको गं. आईला काहीतरी सांगतेयस असं बघ." मी तशीच बघायला लागले. म्हणजे जे काही येत होतं, तेही तिचंच दिलेलं.

आमच्या घरी शेवंतीची पाटी दिवसाआड यायची. आम्ही कायस्थ, मासा नसला की आईला ताट उपाशी वाटायचं. शेवंती जिन्यातूनच ओरडायची, "वयनी, हात लावा!" भरलेली पाटी एकटीने डोक्यावरून उतरत नाही. समोरून कोणीतरी धरावी लागते. आई धावत जायची, दोघी मिळून पाटी खाली ठेवायच्या, आणि मग तासभर भावावरून भांडायच्या. भांडणात दोघींनाही भारी गोडी.

सप्टेंबरात सुरतेला प्लेग आल्याची बातमी आली आणि ठाण्याची झोप उडाली. जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागला. कोणी खोकलं की बस थांबायच्या आत लोक उतरायचे. मेडिकलवाल्यांकडे प्लेगवरच्या कॅप्सूलसाठी रांगा. त्यातलाच एक दुकानदार उत्तमशेठचा मोठा जाहिरातदार. कार्यक्रमात वाचायला त्याची चिठ्ठी आली: कॅप्सूल संपत आल्या, माणशी एक पाकीट आजच घ्या. मंजुळाने चिठ्ठी वाचली. वाचून खाली ठेवली आणि आपल्या मनाने एक वाक्य जोडलं: "पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधं कोणी घेऊ नका, आणि घरात साठवू तर मुळीच नका. ज्याला खरी गरज आहे त्याला मिळू देत."

बस. एवढाच तिचा गुन्हा.

त्याच दुपारी उत्तमशेठ आमच्या घरी आला. "उद्यापासून रोज तू बस. मंजुळाची तब्येत बरी नाही." मी विचारलं, काय झालंय? तो म्हणाला, "काही नाही गं, थोडी विश्रांती." आणि एक ओळ लिहून दिली. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. रोज टीव्हीवर दिसणार म्हणून मी रात्री साडीला इस्त्री केली. तिची तब्येत कशी आहे हे बघायला बाळकुमला जावं, एवढंही मला सुचलं नाही. शी! आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सकाळी मी ओळ वाचली. "आपल्या लाडक्या मंजुळाताईंची तब्येत ठीक नाही, त्या विश्रांती घेत आहेत. त्यांना लवकर बरं वाटो." आईला सांगतेय असं बघूनच वाचली.

प्लेगच्या दिवसांत 'तब्येत ठीक नाही' याचा अर्थ लोक एकच काढतात.

दोन दिवसांनी जिन्यात हाक आली, "वयनी, हात लावा!" आई स्वयंपाकघरातून उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. मग सेफ्टी डोअरच्या आतूनच म्हणाली, "आज नको गं, शेवंती."

"ताजी कोलंबी हाय खाडीची. निवट्या हायत."

"नको म्हटलं ना."

"माज्या पोरीला काय नाय झायला, वयनी. देवाची आन. पाटी तरी उतरवा, मान भरून आली. इथं कोनीच हात लावीत नाय."

आई हलली नाही. मी आईच्या मागे उभी होते. जाळीतून शेवंतीने मला बघितलं. डोक्यावर पाटी, दोन्ही हात वर, आणि मान ताठ ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती वळली आणि पाटीसकट तीन जिने उतरून गेली.

मी आईवर कडाडले. "लाज नाही वाटत? वीस वर्षं तिच्या हातचं खातेस!"

आईने शांतपणे विचारलं, "मंजुळा आजारी आहे असं टीव्हीवर कोण म्हणालं?"

मी चपला घातल्या आणि रिक्षा करून थेट बाळकुम गाठलं.

मंजुळा अंगणात बसून न विकले गेलेले मासे सुकवायला खारवत होती. धडधाकट. मला बघून उठली नाही. "ये. नाकाला रुमाल नाही आणलास?"

मी रडायला लागले, तशी ती उसळली. "रडू नको! मला तुझं रडणं नको. खुर्ची हवी तर घे, लखलाभ होवो. डोंबिवलीच्या केबलवाल्याकडे काम मागायला गेले, तर तो म्हणतो, ठाण्याहून कळलं आम्हाला, पूर्ण बरी झालीस की ये. पूर्ण बरी! अगं, मी आजारी कधी होते? आणि माझं मरू दे. आयेची पाटी रोज भरलेली जाते, भरलेली येते. आठ दिवसांवर घट बसतायत. मग नऊ दिवस कोण मासे खाणार? त्याआधीचे हेच दिवस असतात आमचे." तिने मिठाचे हात झटकले. "ते वाक्य तू बोललीस ना? मग तूच फिरव. जिथून बोललीस, तिथूनच फिरव. दुसरं काही मागत नाही मी."

मी हो म्हणाले.

उत्तमशेठला सांगितलं. तो दात कोरत म्हणाला, "सांगू, सांगू. उद्या सांगू." उद्या झाला, परवा झाला. चौथ्या दिवशी मी हटूनच बसले, तेव्हा म्हणाला, "हे बघ, टीव्हीवर गेलं ते गेलं. आपण चुकलो असं एकदा सांगितलं की उद्या पाण्याची वेळसुद्धा कोणी खरी मानणार नाही. आणि तुला कशाला तिचा एवढा पुळका? तुझंच तर भलं झालं." वर म्हणाला, "तू घरचीच आहेस म्हणून सांगतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी हसले. हे मी त्याच्याकडूनच शिकले होते.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम सुरू झाला. पाणी सांगितलं, दोन वाढदिवस सांगितले आणि हातातले कागद बाजूला ठेवले. "मंजुळाताई आजारी नाहीत. कधीच नव्हत्या. औषधं साठवू नका म्हणाल्या म्हणून त्यांना इथून काढलं आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. शेवंतीमावशींच्या पाटीला हात लावा. त्या घरात कोणालाही रोग नाही." पुरतं बोलले. कॅमेऱ्याचा लाल दिवा शेवटपर्यंत चालू होता. उत्तमशेठ प्रक्षेपणाच्या मशीनजवळ शांत बसलेला, मला थांबवायलाही उठला नाही. मला वाटलं, जिंकले.

नाचत घरी आले. आई म्हणाली, "आज मध्येच काय झालं गं? आवाजच गेला. तुझं तोंड नुसतं हलत होतं, वर गाणं लागलं होतं आणि खाली त्या कॅप्सूलची जाहिरात फिरत होती."

एक बटण. एवढंच दाबलं होतं त्या मेल्याने.

मी पुन्हा गेले तर गॅरेजला आतून कडी. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला निळ्या पडद्यापुढे तिसरीच मुलगी. गोड हसत म्हणाली, "आपल्या लाडक्या उत्तराताईंची तब्येत ठीक नाही, त्या विश्रांती घेत आहेत."

आईच्या हातातली बशी तिथेच राहिली. अर्ध्या तासात समोरच्या सुमेधाकाकूंनी दार लावून घेतलं. दूधवाल्याने पिशवी खालच्या पायरीवर ठेवून वरती हाक मारली. बाबांना ऑफिसातून फोन आला, चार दिवस येऊ नका. आई जिन्यात उभी राहून सांगत होती, "अहो, काही नाही हो झालं तिला. शप्पथ." तिचं तिलाच ऐकू आलं असावं, कारण ती अर्ध्यावरच आत आली आणि भिंतीला टेकून बसली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी चौकात हाक ऐकू आली. शेवंतीची नव्हे, मंजुळाची. मंडळाच्या माइकवरची, पण माइकशिवाय.

"नमस्कार! उजाडलं! खिडक्या उघडा, आज मी इथून बोलतेय!"

मी गॅलरीत धावले. खाली शेवंती डोक्यावर पाटी घेऊन उभी, शेजारी मंजुळा कमरेवर हात ठेवून. एकेक पडदा हलायला लागला.

"आजची बातमी. तिसऱ्या मजल्यावरची उत्तरा गुप्ते आजारी नाही! त्या दिवशी तिचा आवाज बंद केला ना, तेव्हा ती खरं बोलत होती, म्हणून तिला काढलंय. मलाही तसंच काढलं. माझा आवाज आता कोणी बंद करू शकत नाही, कारण ह्याला बटण नाही! तुम्ही शिकलेली माणसं ना? मग एका केबलवाल्याच्या सांगण्यावरून माझ्या आयेला पाटीसकट तीन-तीन जिने परत पाठवता? रोगाला घाबरा, हरकत नाही. माणसाला एकदा विचारा तरी!"

एकही दार उघडलं नाही. ज्या मुलीने तिच्या आईची पाटी अशीच परत जाऊ दिली, त्या मुलीसाठी ती ओरडत होती, आणि मी कठडा धरून वरच उभी.

माझ्याआधी आई निघाली. चपला न घालता, पदर खोचून, तिन्ही जिने धाडधाड उतरली. मी मागोमाग. आई शेवंतीसमोर जाऊन उभी राहिली. शेवंती तशीच उभी, मान ताठ.

"नुसती बगत काय ऱ्हायल्यात, वयनी? हात लावा."

एका बाजूने आईने धरलं, दुसऱ्या बाजूने मी. पाटी चांगलीच जड होती. एवढं ओझं ती रोज घेऊन परत जात होती, हे मला त्या दिवशी हाताला कळलं. आम्ही ती सगळ्या खिडक्यांच्या देखत चौकाच्या मधोमध ठेवली.

शेवंतीने मान चोळली, मांडी घातली आणि वरचं फडकं काढलं. "आज भाव करायचा नाय," ती आईला म्हणाली.

वीस वर्षं तिच्याशी भांडलेली माझी आई खाली बसली आणि म्हणाली, "नाही करत."