उजवी कळी

नास्तिक माणसानं एखाद्या बाबाचा चमत्कार मान्य करावा का? याचं उत्तर मला कॉलेजात असल्यापासून पाठ आहे. आमच्या अंधश्रद्धाविरोधी संघटनेच्या पत्रकात ते दुसऱ्याच ओळीत ठळक छापलंय: नाही. ती पत्रकं मी माणच्या चौकात वाटलीत, मारुंजीत टेम्पो अडवून वाटलीत, लवळ्याला हॉस्टेलच्या फाटकांवर उभं राहून वाटलीत. पेटता कापूर जिभेवर ठेवून दाखवलाय. लोकांच्या शिव्या खाल्ल्यात आणि परतही दिल्यात. ‘नाही’ म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती. अडखळली ती काकीसमोर.

काकीनं मला वाढवलं. आमची जमीन आयटी पार्कच्या एका फेजमध्ये गेली, तिच्या उरलेल्या तुकड्यावर काकीनं खोल्या बांधल्या आणि त्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. अंगणात पाच-सहा बाइका, दोरीवर परक्यांचे टॉवेल, आणि ओट्यावर काकी. तिला टीबी झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. आरोग्य खात्याच्या आशाताई दारात येऊन तिला आपल्यासमोर गोळी गिळायला लावायच्या. दीडेक महिन्यात खोकला थांबला, काकीला भूक लागू लागली.

आणि त्याच आठवड्यात कुणीतरी तिला टेकडीवरच्या मठात नेलं.

मठ म्हणजे एका बाबाची समाधी. हा बाबा कधीकाळी त्या टेकडीवर राहायचा, कुणाशी बोलायचा नाही, म्हणे. तो गेल्यावर लोकच त्याच्या वतीनं बोलू लागले. आता तिथं पत्र्याचा मंडप आहे, पेव्हर ब्लॉक आहेत, गुरुवारी गाड्या लावायला जागा पुरत नाही. आमच्या खोल्यांतली इंजिनिअर पोरंही जातात. काकीला तिथं अंगारा मिळाला. तिनं तो खाल्ला आणि गोळ्यांचं पाकीट फडताळात ठेवून दिलं.

"अगं, खोकला गोळ्यांनी थांबलाय," मी म्हणालो.

"गोळ्या आदीबी व्हत्याच की. अंगारा खाल्ला आन् मंग मला बरं वाटाय लागलं."

"आधी बरं वाटलं, मग तू मठात गेलीस!"

"तू व्हतास का माझ्या छातीत?"

यावर पत्रकात उत्तर नाही.

पावसाळा संपता संपता खोकला परत आला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या, नव्यानं गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, या वेळी कोर्स मध्येच सोडला तर पुढं औषध लागू पडेलच असं नाही. काकी ओट्यावर बसून होती. अंगावरचं लुगडं दोरीवर टाकल्यासारखं लोंबत होतं. म्हणाली, "बाबांनी बरं केलं, मी त्यांना न इचारता गोळी घेतली तर त्यांचा अपमान व्हतो. कळी लावू. उजवी दिली तर घेते."

कळी लावणं आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेक ओली कळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. मठात समाधीच्या दगडाला लावतात.

मी भांडलो. आशाताई भांडल्या. शेवटी मी एकटाच टेकडीवर गेलो आणि मंडपात बसून बघत राहिलो, कारण बघणं हेच आमचं शिक्षण. पुजाऱ्याच्या बसायच्या जागेशेजारी, समाधीच्या उजव्या हाताला, एक उभा पंखा होता. त्याचा वारा उजव्या कळीवर. पाणी सुकलं की कळी सुटते. माझ्यासमोर जेवढ्यांनी कळ्या लावल्या, त्यांना बहुतेक उजवीच मिळाली. माणसं खूश होऊन जात होती. पुजारी लबाडही नव्हता बिचारा, त्याला फक्त उकडत होतं.

मी घरी येऊन म्हणालो, "चल, कळी लावू."

काकीनं माझ्याकडं टक लावून पाहिलं. "असं न्हाई. तू तितं टिवल्याबावल्या करणार आसशील तर बाबा कशाला कौल देतील? उजवी आली तर तू नारळ फोडायचास. समद्यांम्होरं म्हनायचं, बाबांनी दिलं."

मी रात्रभर वगैरे विचार केला नाही. तिचा श्वास वाजत होता, तो मला ऐकू येत होता. मी हो म्हणालो.

पंखा चालू होता. उजवी कळी पडली. पुजाऱ्यानं नारळ माझ्या हातात दिला आणि मंडपभर ऐकू जाईल असा ओरडला, "हे बघा, पत्रकं वाटणारे साहेब! बोला साहेब, कुणी दिलं?"

"बाबांनी दिलं," मी म्हणालो आणि नारळ फोडला.

मंडपात टाळ्या पडल्या. आमच्या खोलीतला एक इंजिनिअर तिथं होता, त्यानं मोबाइलवर ते सगळं घेतलं. तेव्हा मला एक गोष्ट नीट कळली. भक्तानं शंभर वेळा डोकं टेकलं तरी मठाला त्याचं काही अप्रूप नसतं. न मानणाऱ्याचा एक नारळ मात्र त्यांना वर्षभर पुरतो. संघटनेतल्या मित्रांनी तो व्हिडिओ पाहिला आणि मला बैठकीला बोलावणं बंद केलं. मी त्यांना म्हणालो, काकी गोळ्या घेतेय. ते म्हणाले, प्रश्न तो नाही. मला वाटत होतं, प्रश्न तोच आहे.

काकी खरंच गोळ्या घेत होती. रोज सकाळी, टेकडीकडं तोंड करून.

मग ती बाई आली. शेरडं-मेंढरं राखणाऱ्या घरातली, आमच्या मागच्या माळावर राहणारी. तिच्या लेकीला फिट यायची. सातवी-आठवीतली पोर. दवाखान्याच्या गोळ्यांनी बऱ्याच दिवसांत फिट आली नव्हती. सासू म्हणत होती, आता बरी झाली, रोज रोज गोळ्या कशाला, पोरीचं पुढं लग्न करायचंय.

"दादा, तुमी मानत न्हाई तरी तुमच्या काकीला कौल मिळाला," बाई म्हणाली. "माझी सासू तुमचं आयकंल. तुमी संगं चला. बाबांनी उजवी दिली तर पोरीच्या गोळ्या चालू ठेवू, आसं तीच म्हनतीया."

मी तिथंच सांगायला हवं होतं की कौल खोटा. पण ओट्यावर काकी बसली होती, हातात पाण्याचा तांब्या, तळहातावर गोळ्या. तिच्या कोर्सचे अजून चार-पाच महिने बाकी होते. मी कौल खोटा म्हटला असता तर त्या गोळ्या तिच्या हातातच राहिल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर मला पंख्याचा भरवसा होता. चमत्कार कसा होतो ते मला माहीत होतं. तेच वापरून आणखी एका पोरीची गोळी चालू राहील, असा माझा शहाणा हिशेब.

गुरुवारी आम्ही गेलो. सासू, बाई, पोर आणि मी. पोर मंडपाच्या खांबाला हात लावून उभी होती, तिला सगळे आपल्याकडं बघतायत याची लाज वाटत होती. पुजाऱ्यानं कळ्या लावल्या. सासूनं प्रश्न विचारला. मी पंख्याकडं पाहिलं.

पंखा बंद होता. लाइट गेली होती.

मी म्हणालो, "थांबा, लाइट येऊ द्या."

पुजारी हसला. "का हो साहेब? बाबा काय मीटरवर चालत्यात?"

लोक हसले. दाराकडून, म्हणजे डावीकडून, टेकडीवरचा वारा आत येत होता. डावी कळी पडली.

मग मी सगळं बोललो. पंखा, ओल, वारा, सगळं, मंडपाच्या मधोमध उभं राहून, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं भाषण. सासू शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तुमच्या काकीला उजवी आली तवा न्हाई सांगितलं वारं हाय म्हनून. तवा नारळ फोडलासा. आमच्या पोरीला डावी आली तर वारं व्हय?"

बाई माझ्याकडं बघत राहिली. तिला माझं पटलं होतं, असं मला वाटतं. पण सासूपुढं तिच्या पटण्याला किंमत नव्हती, आणि माझ्या शब्दाला जी होती ती मी नारळाबरोबर फोडून बसलो होतो.

मी माळावर परत परत गेलो. आशाताईंना घेऊन गेलो, डॉक्टरांना फोन लावून दिला. सासू दारातच म्हणायची, "बाबांनी न्हाई म्हनलंय." दिवाळीनंतर पोर शेरडांमागं ओढ्यावर गेली होती. तिथं तिला फिट आली. ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं. ती पालथी पडली.

लोक म्हणाले, तिचं तेवढंच आयुष्य होतं. मठाबद्दल कुणी काही बोललं नाही. व्हिडिओ अजून फिरतोय, खाली लिहिलंय, नास्तिकही झुकला.

चमत्कार पटणं सोपं असतं, तो आपल्या बाजूनं पडतो तेव्हा. मी मानला नव्हता, फक्त हो म्हणालो होतो. ज्यांनी ऐकलं त्यांना हा फरक दिसायचं काही कारण नव्हतं. आता पत्रकाची दुसरी ओळ वाचून दाखवायला मी उभा राहिलो, तर मागून कुणीतरी मोबाइल वर धरतं.

काकीचा कोर्स पूर्ण झाला. तपासणीत छाती स्वच्छ निघाली. तिनं नवं लुगडं नेसलं, पिशवीत नारळ घातला आणि मला हाक मारली, "चल, बाबांचं फेडून येऊ."

"मी येत नाही, काकी."

"का रं?" तिनं खरोखरच न कळून विचारलं. "तवा तर आलास."

माळावरून शेरडांचा आवाज येत होता. मी तिला सांगितलं, पंख्याचं, सगळं. ती ऐकून घेतल्यासारखं करत पिशवीची गाठ मारत राहिली. मग एकटीच टेकडीच्या रस्त्याला लागली.