रॅम्प झाला, उंबरठा आडवा आला

तात्यांची व्हीलचेअर रॅम्प चढून दारापर्यंत आली आणि अडली. पुढची छोटी चाकं नव्याकोऱ्या सागवानी उंबरठ्याला टेकली होती.

"अन्या मेल्या, हितवर आणलंस कशाला? खालीच बरा होतो मी," तात्या म्हणाले.

अनंतशेठचा चेहरा पडला. माझं डोकं फिरलं. माझ्या ड्रॉइंगमध्ये उंबरठा नव्हताच.

मी रत्नागिरीत आर्किटेक्ट आहे. अनंतशेठच्या परमिट रूमचं, म्हणजे बसून दारू प्यायच्या परवानगीच्या हॉटेलचं, नूतनीकरण माझ्याकडे होतं. धूम्रपानबंदीमुळे सिगारेटवाल्यांसाठी वेगळी खोली हवी होती. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, धूर थेट बाहेर फेकणारा पंखा, आपोआप मिटणारं दार. आत खाणंपिणं द्यायचं नाही. आणि अपंगांना विनामदत आत येता आलं पाहिजे. आपल्याकडे पावसामुळे जोतं उंच, म्हणून रॅम्प लांबलचक झाला. नियम असा, की एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. त्याहून तीव्र चढ म्हणजे घसरगुंडी.

दुसऱ्या दिवशी पाहणीला परवाना खात्याचे साहेब येणार होते. त्यांनी होकार दिला तरच हॉटेल उघडणार. म्हणून मी म्हटलं, आधी तात्यांना चालवून बघू.

तात्या मूळचे नाटे गावचे. आयुष्यभर तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख. पाय गेल्यावर वेटर त्यांना पायऱ्यांवरून उचलून आत न्यायचे. एकदा ते म्हणाले, "मी काय बांगड्याची पाटी हाय?" तेव्हापासून आलेच नाहीत. त्यांची खिडकीजवळची खुर्ची अनंतशेठ अजून कुणाला देत नव्हते. हा सगळा खटाटोप साहेबांपेक्षा तात्यांसाठीच चालला होता, हे मला कधीच कळलं होतं.

"शेठ, हा उंबरठा कुणी बसवला?"

"सुताराने. मीच सांगितलं. उंबरठ्याशिवाय दार कसं ओ मॅडम? आमची ही रोज सकाळी पूजा करते त्याची. शिवाय पावसाचं पाणी आत येईल."

"मग तात्यांना पुन्हा उचलूनच आत घ्या."

"काढून टाकला तर ही मला घरात घेणार नाय."

शेवटी वहिनींना बोलावलं. त्या हळदीकुंकवाची वाटी घेऊनच आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी उंबरठ्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे.

"मला पुजायला उंबरठा हवा. तो उंचच हवा, असं कधी बोलले मी?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "इचारायचं होतंत की!"

आता काम सोपं होतं. गवंड्याने जोत्याच्या चिऱ्यात खाच पाडली आणि उंबरठा तिच्यात इतका खाली बसवला, की त्याची वरची बाजू फरशीला समतल आली. पावसासाठी दाराबाहेर चर खणून त्यावर जाळी टाकली. जाळीच्या फटी मुद्दाम बारीक ठेवल्या, चाक अडकू नये म्हणून.

दरम्यान मी सिगारेटच्या खोलीचं दार पाहिलं. मिटायचं छान, पण उघडायला पैलवान लागला असता. एका कायद्याला दार बंद हवं, दुसऱ्याला ते बसल्या बसल्या उघडायला हवं. दार आपोआप मिटवणाऱ्या क्लोजरचा स्क्रू फिरवून त्याचा जोर कमी केला. दोन्ही कायदे खूश.

सकाळी साहेब आले. धुराचा पंखा चालवून पाहिला, रॅम्पवर टेप लावला, दाराशी वाकले. तिथे ताजं हळदीकुंकू होतं. त्यांनी पाय जपून पलीकडे टाकला आणि म्हणाले, "ठीक आहे, उघडा." अनंतशेठनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की मलाही हसू आलं.

संध्याकाळी तात्या आले. अनंतशेठ ढकलायला धावले.

"सोड. हात लावू नको."

तात्या स्वतः चाकं फिरवत वर आले. दाराशी थांबले, वाकून उंबरठ्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि आत गेले. मग थेट खिडकीपाशी. अनंतशेठ तोंड फिरवून ग्लास पुसत राहिले. ते ग्लास आधीच कोरडे होते.

हल्ली मी ड्रॉइंगमध्ये दार काढण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारते. उंबरठ्याची पूजा कोण करतं? आणि उत्तर मिळालं, की पुढचं बोलणं त्या माणसाशी करते.